देवाचा धाक नाही, मग नीट का वागायचं?

१५ आणि १६ ऑक्टोबरला चंद्रपुरात काय असतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. मूल, सावली, ब्रह्मपुरी, राजुरा, पार गडचिरोली-अहेरीकडून गाड्या भरभरून येतात. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, निळे झेंडे, कडेवर लेकरं, हातात जेवणाचे डबे. आणि आपण कॉलेजवाले त्या दिवशी काय म्हणतो? आज त्या रस्त्याने जाऊ नको, ट्रॅफिक आहे. मीपण तीन वर्षं हेच म्हणत होते.

मग एकदा होस्टेलवर रात्री गप्पा रंगल्या. विषय निघाला देवाचा. आमच्यातली एक म्हणाली की ती देव-बिव मानत नाही. लगेच दुसरीने विचारलं, देव बघत नाही म्हणतेस, मग पकडली जाणार नसशील तर चोरी का करत नाहीस? सगळ्या हसल्या. पहिलीला उत्तर देता आलं नाही. मलाही नाही. खरं सांगायचं तर तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेलाच नाही.

पुरवणीसाठी बाबासाहेबांवर लिही म्हटल्यावर मला वाटलं, सोपं आहे. महाड, पुणे करार, संविधान, झालं. वाचायला बसले तेव्हा कळलं की होस्टेलवरच्या त्या प्रश्नावर या माणसाने उभं आयुष्य घालवलंय. आणि त्याचं उत्तर लोकांच्या हातात द्यायला आयुष्याच्या अगदी शेवटी तो जिथे आला, ती जागा म्हणजे आपलं चंद्रपूर. तेव्हाचं चांदा.

तारीख १६ ऑक्टोबर १९५६. दोन दिवस आधी, १४ तारखेला, नागपुरात महास्थवीर चंद्रमणी यांच्याकडून बाबासाहेबांनी स्वतः बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि मग समोरच्या लाखो लोकांना दिली. तिथून ते चांद्याला आले. बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे इथलेच, त्यांचा आणि इथल्या कार्यकर्त्यांचा आग्रह होता. तेव्हा गडचिरोली जिल्हा नव्हता, तो झाला १९८२ मध्ये. सिरोंचापर्यंतचं सगळं जंगल चांदा जिल्ह्यातच यायचं. आणि गंमत म्हणजे त्या दिवशी चांदा महाराष्ट्रात काय, मुंबई राज्यातही नव्हतं. ते मध्य प्रदेशात होतं. मुंबई राज्यात आपण गेलो त्यानंतर सोळा दिवसांनी, १ नोव्हेंबरला.

पण थांबा, आधी मागे जाऊ.

भीमराव रामजी आंबेडकर. जन्म १४ एप्रिल १८९१, महू. वडील लष्करात सुभेदार. आई लहानपणीच गेली. साताऱ्याच्या शाळेत वर्गात वेगळं बसायचं, आणि तहान लागली की शिपायाने नळ सोडायचा. शिपाई नसला तर पाणी नाही. हे आपण सगळ्यांनी चौथीपासून वाचलंय, म्हणून ते आता कानावरून जातं. जरा थांबून विचार करा. तो शिपाई वाईट माणूस होता का? मास्तर वाईट होते का? बहुतेक नसावेत. घरी पूजा करणारे, खोटं न बोलणारे, शेजाऱ्याच्या अडीअडचणीला धावणारे असतील. नेमका हाच मुद्दा पुढे बाबासाहेबांच्या विचारांचा कणा झाला. माणसं चांगली असतात आणि तरी असं वागतात, मग चूक कुठे आहे?

१९०७ मध्ये मॅट्रिक झाले तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळुस्कर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं. पुढे बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती मिळाली आणि १९१३ मध्ये भीमराव न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोचले. वय बावीस. माझ्याएवढं. (हे वाचून मला दोन मिनिटं काही सुचलं नाही.)

तिथे त्यांना जॉन ड्यूई हे प्राध्यापक भेटले. ड्यूई तत्त्वज्ञ होते. नीतिशास्त्रावरच्या पुस्तकात त्यांनी एक फरक मांडलाय. एक नीती असते रूढीची. सगळे करतात, आजोबा करत होते, म्हणून मी करतो. दुसरी असते विचाराची. हे मी का करतोय, याने कुणाचं काय होतंय, हे तपासून स्वीकारलेली. समाज शहाणा होतो म्हणजे पहिलीकडून दुसरीकडे जातो. भीमरावांनी हे नुसतं परीक्षेपुरतं वाचलं नाही. १९५२ मध्ये कोलंबियाने त्यांना मानद पदवी दिली, तेव्हा त्यांना ड्यूईंना भेटायची फार इच्छा होती. पण नेमके त्याच दिवसांत ड्यूई वारले. भेट राहूनच गेली.

आता बडोदा, १९१७. परदेशातून शिकून आलेला हा तरुण करारानुसार बडोदा संस्थानात नोकरीला आला. शहरात एकही हॉटेल, एकही घरमालक जागा देईना. शेवटी पारशी नाव घेऊन ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला घोळका दारात आला आणि त्यांना संध्याकाळपर्यंत निघून जायला सांगितलं. बडोद्यात त्यांच्या ओळखीचे दोघं होते, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती. दोघंही सुशिक्षित आणि मित्रच म्हणायचे. हिंदू मित्र म्हणाला, तू घरी आलास तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्राने बायकोला विचारून सांगतो असं म्हटलं, म्हणजे नाहीच. बाबासाहेबांनी स्वतःच्या आठवणींमध्ये हे लिहून ठेवलंय. मला त्या काठीवाल्या घोळक्यापेक्षा हे दोन मित्र जास्त बोचतात. कारण घोळक्यात मी कधी नसेन. त्या मित्रांच्या जागी असू शकते.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, म्हणून भरभर सांगते. सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी, १९२० मध्ये ‘मूकनायक’, मग लंडन, डॉक्टरेट, बॅरिस्टरी. २० मार्च १९२७ ला महाडचं चवदार तळं. त्यानंतर तिथल्या काही लोकांनी शेण-गोमूत्राने ते तळं शुद्ध करून घेतलं. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडलाच मनुस्मृतीचं दहन. १९३० मध्ये नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह. १९३५ मध्ये येवल्याला जाहीर घोषणा, की हिंदू म्हणून जन्मलो ते माझ्या हातात नव्हतं, पण हिंदू म्हणून मरणार नाही. त्याच वर्षी मे महिन्यात रमाबाई गेल्या होत्या. पाच मुलांपैकी चार लहानपणीच गेली होती. पोथी म्हणते ते भोग मागल्या जन्माचे, हे सांगणारी माणसं या घराला कमी भेटली नसतील.

१९३६ मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने त्यांना अध्यक्षीय भाषणाला बोलावलं. भाषण आधीच छापून तयार होतं. मंडळाने ते वाचलं आणि काही भाग गाळा म्हणून विनवलं. बाबासाहेबांनी एक ओळही बदलायला नकार दिला. परिषदच रद्द झाली. मग त्यांनी स्वतःच्या खर्चाने पंधराशे प्रती काढल्या. न झालेलं हे भाषण म्हणजे ‘जातिसंस्थेचे उच्छेदन’. ते हातात घ्याल तर जातीबद्दलचा राग शोधत वाचू नका. रागापेक्षा त्यात तर्क जास्त आहे. तो साधारण असा आहे.

जात पाळणारी माणसं क्रूर किंवा बिनडोक आहेत म्हणून पाळत नाहीत. ती मनापासून धार्मिक आहेत म्हणून पाळतात. त्यांना ते योग्य वाटतं, कारण ग्रंथात तसं लिहिलंय. म्हणजे भांडण माणसांशी नाही. योग्य काय हे जिथून ठरतं, त्या जागेशी आहे. आणि इथे ते नियम आणि तत्त्व असा फरक करतात. नियम सांगतो की हे कर, ते करू नको. पाळलं की सुटलो, डोकं लावायचं कारण नाही. तत्त्व तुम्हाला तपासायचं साधन देतं. ते चुकीचं लागू केलं तर जबाबदारी तुमची.

आपल्या एसटीचं उदाहरण घ्या. राखीव सीटच्या वर पाटी असते. मी पाटी नसलेल्या सीटवर बसलेय आणि समोर एक म्हातारी बाई गर्दीत दांडा धरून उभी आहे. नियमाने माझी काही चूक नाही. पण ज्या कारणासाठी ती पाटी लावली, ते कारण माझ्यासमोर उभं आहे. नुसता नियम पाळणारा मोबाईलमध्ये बघत बसतो. आणि पाटीच चुकीची असेल तर? महाडच्या तळ्यावर न दिसणारी पाटीच होती. जनावरं पाणी प्यायची, ही माणसं नाही. नियमावरच थांबलेल्या माणसाला त्या पाटीत काही खटकत नाही.

म्हणून बाबासाहेबांचं म्हणणं, नियमांचा धर्म जायला हवा, पण तत्त्वांचा धर्म मात्र हवा. इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. माझाही झाला होता. देव नको, पोथी नको, मग सरळ नास्तिक होऊन घरी बसायचं ना, पुन्हा धम्म कशाला?

याचं उत्तर त्यांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या शेवटच्या पुस्तकात दिलंय. ते म्हणतात, नीती तर सगळीकडे असते. चोरांच्या टोळीतही असते. चोर आपसात वाटणी इमानदारीने करतात, एकमेकांची नावं सांगत नाहीत. व्यापाऱ्यांची असते, जातीची असते. पण ती आपल्या गटापुरती असते आणि गटाचं हित राखायलाच असते. बाहेरचा माणूस तिच्या हिशोबातच नसतो. जी नीती सगळ्यांना लागू नाही, तिचा दुबळ्याला उपयोग नाही. म्हणून नीती सर्वांची हवी आणि इतकी पवित्र हवी की सोयीप्रमाणे मोडता येणार नाही. दुसऱ्या धर्मांत जी जागा देवाची, ती धम्मात नीतीची. आणि ती येते कुठून? माणसाने माणसाशी नीट वागल्याशिवाय कुणाचंच चालत नाही, या साध्या गरजेतून. तुम्ही बेटावर एकटे असाल तर धम्माची गरज नाही. दोन माणसं आली की आहे.

गटापुरती नीती वाचताना मला एक गोष्ट आठवली. ती लिहू की नको असा विचार मी चार दिवस केला. होस्टेलवर आमचा सहा जणींचा ग्रुप होता. एकीला ताप आला तर रात्रभर जागायचो. पैसे उसने द्यायचो, परत मागायचो नाही. एकमेकींची तक्रार कधी वॉर्डनकडे केली नाही. आम्ही स्वतःला चांगल्या मुली समजायचो, आणि होतोही. त्या वर्षी भामरागडकडची एक ज्युनिअर आली. घरी माडिया बोलणारी. तिच्या मराठीची आमच्यातली एक नक्कल करायची, भारी करायची, आणि बाकीच्या हसायच्या. मी नक्कल केली नाही. मी हसले. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती परत आली नाही. का आली नाही, हे आम्ही कुणी विचारलंपण नाही. ती आमच्या ग्रुपमधली नव्हती ना.

गटाची नीती किती लांब जाऊ शकते, ते आपल्याच जिल्ह्यात दिसलंय. ऑगस्ट २०२१, जिवती तालुक्यातलं वणी खुर्द. जादूटोण्याच्या संशयावरून गावातल्या काही माणसांना, त्यात वयस्कर बायकासुद्धा, चौकात बांधून मारहाण झाली. जादूटोणाविरोधी कायदा होऊन तेव्हा आठ वर्षं झाली होती. मारणाऱ्यांना आपण गाव वाचवतोय असं वाटत असणार. त्यांच्यापुरतं ते पुण्यकर्मच होतं. बाबासाहेब कारणाशिवाय कशावर विश्वास ठेवू नका असं का सांगत राहिले, ते अशा वेळी कळतं. पुरावा न मागणारी श्रद्धा आणि बाहेरच्याला न मोजणारी नीती एकत्र आली की खांब आणि दोर कुठेही सापडतात.

कारण मागायची ही सवय त्यांनी बुद्धालाही लावली, हे मला सगळ्यात आवडलं. सिद्धार्थाने म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहिलं आणि घर सोडलं, ही गोष्ट आपल्याला पाठ्यपुस्तकात होती. बाबासाहेब विचारतात, एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर एकही म्हातारा पाहिला नव्हता? पटत नाही. मग ते दुसरी कथा मांडतात. शाक्य आणि कोलिय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून वाद होता. शाक्यांच्या संघाने युद्ध ठरवलं. सिद्धार्थ म्हणाला, आधी दोन्ही बाजूंची माणसं नेमून चौकशी करू, चूक कुणाची ते बघू. बहुमत युद्धाच्या बाजूने गेलं. मग बहुमत मानून शस्त्र घ्या, नाहीतर फाशी किंवा देशत्याग, नाहीतर घरच्यांवर बहिष्कार आणि जमीन जप्त. त्याने देशत्याग निवडला. पुढे युद्ध टळल्याची बातमी आली, तरी तो परतला नाही. कारण त्याला कळलं होतं की भांडण फक्त रोहिणीचं नाही, माणसामाणसातलं, वर्गावर्गातलं आहे. पाण्याचा वाद, गटाचा दबाव, बहिष्कार. महाडच्या माणसाला ही कथा का जवळची वाटली असेल, ते सांगायची गरज नाही. आत्मा, पुनर्जन्म आणि मागल्या जन्माचं कर्म हेही त्यांनी असंच तपासलं. आजच्या गरिबीचं कारण मागल्या जन्मात टाकलं की या जन्मात कुणालाच जबाब द्यावा लागत नाही, हे त्यांना पक्कं दिसलं होतं.

मधल्या काळात संविधान झालं. ४ नोव्हेंबर १९४८ ला मसुदा मांडताना ते संवैधानिक नीतीबद्दल बोलले. त्यांचा मुद्दा असा की ही नीती जन्मजात नसते, ती शिकावी लागते, आणि आपले लोक ती अजून शिकायचे आहेत. हिंदू कोड बिल अडलं तेव्हा सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडलं. बायकांना वारसा आणि घटस्फोटाचा हक्क देणारं बिल होतं ते. मुलींनो, हे लक्षात ठेवा, परीक्षेत येत नाही म्हणून सोडू नका.

तर १६ ऑक्टोबर १९५६. बाबासाहेबांचं वय पासष्ट. मधुमेहाने शरीर पोखरलेलं, पाय साथ देत नव्हते. आदल्या दिवशी नागपुरात त्यांनी लांबलचक भाषण करून धर्मांतराची कारणं समजावली होती. माणसाला नुसती भाकरी पुरत नाही, मनालाही काही लागतं, असं त्यांचं म्हणणं होतं. आणि मग चांदा. इथेही दीक्षा आणि बावीस प्रतिज्ञा. त्या प्रतिज्ञांबद्दल आपल्याकडे भांडण होतं ते पहिल्या काहींवरून, कारण त्यात जुने देव नाकारलेत. पुढच्या फारसं कुणी वाचत नाही. चोरी करणार नाही, खोटं बोलणार नाही, दारू पिणार नाही, सर्व प्राणिमात्रांवर दया करीन, सगळी माणसं समान मानीन. म्हणजे बघा, एकाच दमात देवाचा धाक काढून घेतला आणि वागणुकीची जबाबदारी खांद्यावर ठेवली. स्वर्ग नाही, नरक नाही, पापाची भीती नाही. तू ठरवून नीट वाग.

हे चालेल का, ही खरी जोखीम होती. समोरचे लोक प्राध्यापक नव्हते. शेतमजूर, विडी वळणारे, खाणकामगार, बरेचसे निरक्षर. त्यांना हे जमेल असं बाबासाहेबांनी धरलं. आजही शिकलेली माणसं सहज म्हणतात की अडाण्यांना देवाची भीती लागतेच, नाहीतर ती सुटतील. चांद्याच्या मैदानावर त्या माणसाने हे मानलं नाही. सगळं तंतोतंत जमलं असं नाही. व्यसनं गेली नाहीत, पोटजातींचे लग्नसंबंध लगेच सुटले नाहीत, काही घरांत बाबासाहेबांचाच देव झाला. शेवटचं त्यांना सगळ्यात कमी आवडलं असतं, कारण राजकारणातल्या भक्तीविरुद्ध त्यांनी संविधान सभेतच सावध केलं होतं. पण ज्या घरात आजोबा अंगठा लावायचे, तिथल्या नाती आज आपल्या वर्गात आहेत. त्यांच्या घरी म्हातारं माणूस असेल तर विचारा, तेव्हा काय झालं. माझ्या रूममेटच्या आजीने सांगितलं, घरातले देव काढून ठेवल्यावर पहिले काही दिवस तिला भीती वाटायची, काहीतरी होईल म्हणून. मग काही झालं नाही. मग भीती गेली. आणि शेजारच्या विहिरीवरून भांडण झालं तेव्हा ती पहिल्यांदा मोठ्या आवाजात बोलली.

चांद्याहून परतल्यावर बाबासाहेब नोव्हेंबरमध्ये काठमांडूला जागतिक बौद्ध परिषदेत गेले आणि तिथे बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना मांडली. गरिबी आणि शोषण दोघांनाही दिसतं, पण बंदुकीच्या जोरावर आणलेली समता बंदूक खाली ठेवली की टिकेल का, असा त्यांचा प्रश्न होता. गडचिरोलीत वाढलेल्या वाचकांनी ते भाषण एकदा वाचावंच.

६ डिसेंबर १९५६ ला दिल्लीत त्यांचं महापरिनिर्वाण झालं. चांद्याच्या दीक्षेनंतर एक्कावन्नाव्या दिवशी. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ छापलेलं त्यांना पाहता आलं नाही, ते १९५७ मध्ये आलं. मराठी अनुवाद मिळतो. इंग्रजीत वाचणाऱ्यांसाठी महाराष्ट्र शासनाने काढलेल्या त्यांच्या समग्र लेखनाचा अकरावा खंड म्हणजे हेच पुस्तक आहे, आणि लाहोरचं भाषण पहिल्या खंडात आहे.

मी माझी प्रत गेल्या ऑक्टोबरमध्ये दीक्षाभूमीच्या स्टॉलवरून घेतली. माझ्यापुढे रांगेत एक काका होते, एटापल्लीकडचे. त्यांनी पुस्तक घेतलं, पैसे मोजले आणि स्टॉलवाल्याला म्हणाले की मला वाचता येत नाही, पोरगी वाचून दाखवते, मागच्या वर्षी अर्धं झालं होतं, ते पुरात भिजलं. यंदा १५-१६ तारखेला ट्रॅफिक असणारच आहे. गाडी लांब लावा आणि चालत या.